चतुश्चक्रचालित डीझेल गाड्यांतील इंधन-काटकसर

एंजिनाची शक्ती मागील दोन चाकांबरोबरच गरजेनुसार पुढील दोन चाकांनाही देता येईल अशी योजना असलेल्या मोटारगाडीस चतुश्चक्रचालित गाडी म्हणतात. जीप हा या जातीचा सर्वपरिचित प्रकार होय. प्रस्तुत नोंदीत अशा गाड्यांपैकी जुन्या डीझेल गाड्यांना इंधन किती लागते, ते कोठे खर्च होते व त्याची काटकसर कशी करता येते यांचे विवेचन केले आहे. ‘जुन्या’ या शब्दाने येथे यांत्रिक अंतःक्षेपण पंप असलेल्या, हवा दाबून भरणारा टर्बोभरक व इलेक्ट्रॉनीय नियंत्रण नसलेल्या, साधारणपणे २००० सालापूर्वी बांधलेल्या गाड्या अभिप्रेत आहेत. एक लिटर इंधनात गाडी जितके किलोमीटर जाते त्या आकड्यास बोलीभाषेत ‘ॲव्हरेज’ म्हणतात.

सोलापूर जिल्ह्यात अशा गाड्या दोन प्रकारच्या कामांसाठी प्रामुख्याने वापरल्या गेल्या. तालुक्याचे गाव आणि खेडी यांच्या दरम्यान प्रवासी नेणारी ‘वडाप’ वाहतूक हे एक काम आणि शेती, पाटबंधारे, वनसंरक्षण वगैरेंसाठी कच्च्या रस्त्यांवरील ये-जा हे दुसरे. पहिल्या कामात इंधनाचा खर्च वजा जाता जे उरते तीच चालकाची मिळकत असते; म्हणून लिटरमागे एक-दोन किलोमीटरांचा फरकही त्याच्या घरखर्चावर परिणाम करतो. चारही चाकांना चालना असल्यामुळेच या गाड्या जास्त इंधन खातात, असा समज सर्वत्र आढळतो. तो अंशतःच खरा आहे. वेग, थांबे, टायर आणि अंतःक्षेपण पंपाची स्थिती यांचा इंधनव्ययावरील परिणाम पुढील चाकांच्या यंत्रणेपेक्षा पुष्कळच मोठा असतो.

पूर्वेतिहास : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी १९४१ पासून मोठ्या प्रमाणावर तयार झालेली विलीज जीप ही या गाड्यांची मूळ गाडी होय. भारतात महिंद्रा संस्थेने तिची जुळणी १९४७ पासून मुंबईत सुरू केली. या जीपचे एंजिन पेट्रोलवर चालणारे होते. १९७३ मध्ये खनिज तेलाच्या किंमती एकदम वाढल्या आणि पेट्रोल व डीझेल यांच्या दरांतील तफावतीला महत्त्व आले. १९७५ च्या सुमारास महिंद्राच्या जीपमध्ये सु. २,३५० घ. सेंमी. धारणेचे डीझेल एंजिन आले. हे एंजिन इंटरनॅशनल बी-२७५ या ट्रॅक्टरच्या एंजिनापासून साधलेले होते. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या अभिकल्पावर आधारित २,११२ घ. सेंमी. धारणेचे आणि त्यानंतर सरळ अंतःक्षेपणाचे २,५२३ घ. सेंमी. धारणेचे एंजिन वापरात आले. पुण्याजवळील आकुर्डी येथील बजाज टेंपो (२००५ पासून फोर्स मोटर्स) या कारखान्याने मर्सिडीज अभिकल्पाचे डीझेल एंजिन आपल्या ट्रॅक्स मालिकेतील गाड्यांत बसविले. टाटांची सुमो ही गाडी १९९४ मध्ये आली. जुन्या पेट्रोल जीपमधील एंजिन काढून त्या जागी डीझेल एंजिन बसविण्याचा व्यवसायही महाराष्ट्रातील अनेक गावांतील कार्यशाळांनी त्या काळात केला. डीझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाल्यावर स्वस्त इंधनाचा लाभ घटला आणि एंजिनाच्या कार्यक्षमतेला अधिक महत्त्व आले.

डीझेल एंजिनाचा गुण : एक लिटर डीझेलच्या ज्वलनाने सु. ३६ मेगॅजूल ऊर्जा मिळते. पेट्रोलच्या बाबतीत हा आकडा सु. ३२ आहे. म्हणजे समान कार्यक्षमतेच्या एंजिनातही डीझेलचा एक लिटर गाडीस अधिक दूर नेतो. त्याशिवाय डीझेल एंजिनात नुसती हवा सिलिंडरात घेऊन ती मूळ घनफळाच्या सु. अठराव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते व त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला जातो. जुन्या पेट्रोल जीपमध्ये हे संपीडन सु. सातपटच होते. संपीडन जितके जास्त तितका उष्णतेचा अधिक भाग कार्यात उतरतो. पेट्रोल एंजिनात वेग कमी करताना हवेची वाट झडपेने अडविली जाते व अडविलेल्या वाटेने हवा ओढण्यात शक्ती वाया जाते. बहुतेक डीझेल एंजिनांत केवळ इंधनाचे प्रमाण कमी केले जाते. म्हणून हलक्या भारावर डीझेल एंजिन विशेष काटकसरी ठरते.

डीझेल एंजिनांतही दोन जाती आहेत. जुन्या एंजिनांपैकी पुष्कळांत इंधनाचा फवारा सिलिंडराला जोडलेल्या लहानशा पूर्वकक्षात सोडला जातो. त्यामुळे एंजिन कमी आवाज करते. पण पूर्वकक्षाच्या भिंतींना बरीच उष्णता जाते व हवा अरुंद वाटेने ये-जा करताना शक्ती खर्च होते. सरळ अंतःक्षेपणात फवारा दट्ट्याच्या माथ्यावरील खोलगट भागातच सोडतात. अशा एंजिनास पूर्वकक्षाच्या एंजिनापेक्षा सु. १० ते १५ टक्के इंधन कमी लागते. समान बांध्याच्या दोन जीपगाड्यांच्या इंधनव्ययात आढळणारा फरक पुष्कळदा या एकाच कारणाने असतो; त्यात चालकाचा वा कारागिराचा दोष नसतो.

ऊर्जेचा हिशेब : सपाट रस्त्यावर समान वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन विरोधांवर मात करावी लागते. पहिला विरोध टायर व रस्ता यांच्यातील लोटणीचा. तो गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असतो व वेगाने फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास हवेचा विरोध चौपट होतो. चालकासह व भारासह १,८०० किग्रॅ. वजनाची, समोरून २·६ चौ. मी. क्षेत्रफळाची आणि जीपसारख्या चौकोनी आकाराची (विरोधगुणांक ०·५५) गाडी उदाहरणादाखल घेऊ. चांगल्या डांबरी रस्त्यावर लोटणीचा विरोध वजनाच्या दीड टक्का धरल्यास तो सु. २६५ न्यूटन येतो. हवेचा विरोध ताशी ४० किमी. वेगास सु. ९७, ६० किमी.ला सु. २१८ आणि ८० किमी.ला सु. ३८८ न्यूटन भरतो. चाकांपाशी लागणारी शक्ती ६० किमी. वेगास सु. ११ अश्वशक्ती, तर ८० किमी. वेगास सु. २० अश्वशक्ती होते.

इंधनातील ऊर्जेपैकी जुन्या गाडीत सु. १८ टक्केच चाकांपर्यंत पोहोचते असे धरल्यास, हीच गाडी ताशी ६० किमी. वेगाने लिटरला सु. १३ किमी. आणि ८० किमी. वेगाने सु. १० किमी. जाईल. पुणे–सोलापूर हे सु. २५० किमी. अंतर घेतले, तर जास्त वेगामुळे सु. एक तास वाचतो व सु. साडेसहा लिटर डीझेल अधिक जळते. भार वाढला की एंजिनाची कार्यक्षमता काहीशी सुधारते, म्हणून प्रत्यक्षातील फरक थोडा कमी भरेल. तथापि फेऱ्यांची गती वाढल्याने एंजिनातील घर्षणही वाढते व तो लाभ बराचसा नाहीसा होतो. पुणे–सोलापूर मार्ग चौपदरी झाल्यावर खड्डे व अडथळे यांमुळे होणारा नाश थांबला. परंतु वाढलेल्या वेगामुळे अनेक गाड्यांच्या बाबतीत ही बचत हवेच्या विरोधातच खर्ची पडते.

थांबे व चढ : वेगात असलेल्या गाडीत गतिज ऊर्जा साठलेली असते आणि ब्रेक लावला की तिची उष्णता होऊन ती वाया जाते. वरील गाडी थांबवून पुन्हा ताशी ६० किमी. वेगास आणण्यासाठी सु. ४० मिलि. डीझेल लागते, म्हणजे अशा पंचवीस थांब्यांना एक लिटर जाते. फाट्याफाट्यावर प्रवासी घेत जाणाऱ्या वडाप गाडीचा इंधनव्यय मोकळ्या रस्त्यावरील गाडीपेक्षा अधिक का असतो, हे यावरून स्पष्ट होते. ४० किमी. वेगापर्यंतच गाडी नेल्यास हाच खर्च सु. १७ मिलि. इतका उतरतो. थांबा दिसताच प्रवेगकावरील पाय आधीच उचलून गाडी गिअरमध्येच संथ होऊ दिल्यास साठलेल्या ऊर्जेचा बराच भाग अंतर कापण्याच्या कामी येतो.

चढावर गाडीचे वजन वर उचलावे लागते. वरील गाडी प्रत्येक १०० मी. उंची चढताना सपाटीवरील खर्चाव्यतिरिक्त सु. पाव लिटर डीझेल घेते. सोलापूरहून तुळजापूरकडे बालाघाटचा चढ चढताना होणारा खर्च परतीच्या उतारावर काही अंशी भरून निघतो. मात्र त्यासाठी उतारावर ब्रेकचा वापर कमी असावा लागतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डीझेल वाचविण्याची रूढी चुकीची व धोक्याची आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलल्यास नियंत्रक इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते आणि एंजिनाचा रोधही मिळत नाही.

चारही चाकांची चालना : जुन्या जीपमध्ये गिअरपेटीच्या मागे दुसरी एक पेटी असते. ती शक्तीचे पुढील व मागील आसांत वाटप करते. तिच्यातील कमी गतीच्या गिअरमुळे विलीज वंशाच्या जीपमध्ये चाकांवरील ओढ २·४६ पट वाढते. ही चालना कायम नसून चालकाने दांडा टाकल्यावरच सुरू होते. दांडा काढलेला असला, तरी रस्त्यावर फिरणारी पुढील चाके आपल्या आसातील विभेदी दंतचक्रे व पुढील प्रचालक दंड यांना उलट फिरवीत राहतात आणि जाड वंगण घुसळण्यात शक्ती खर्च होते. पुढील चाकांच्या तुंब्यांवर सोडबंध (फ्री व्हीलिंग हब) बसवून ही यंत्रणा मोकळी करता येते. यामुळे होणारी बचत खरी असली, तरी ती थोड्या टक्क्यांचीच असते.

कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र चारही चाकांची चालना चालू ठेवणे महागात पडते. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. या गाड्यांत पुढील व मागील आसांमध्ये गतीतील फरक सामावून घेणारी मधली विभेदी यंत्रणा नसते. परिणामी दंडांत पीळ साठतो, टायर रस्त्यावर घासले जातात, सुकाणू जड होते व इंधन वाया जाते. याउलट चिखलात हीच चालना इंधन वाचविते. मागील चाके तीस टक्के घसरत असतील, तर चाकांना दिलेल्या ऊर्जेपैकी तीस टक्के चिखल उडविण्यातच जाते. ओढ चार चाकांत वाटली गेली, की प्रत्येक चाकाचे घसरणे कमी होते आणि तेच अंतर कमी फेऱ्यांत कापले जाते. म्हणून पावसाळ्यात काळ्या रानातून जाताना चाके घसरू लागण्यापूर्वीच दांडा टाकावा व डांबरी रस्ता लागताच काढावा.

या गाड्या मुळात ओढीसाठी बांधलेल्या असल्याने आसातील गुणोत्तर मोठे असते. विलीज वंशाच्या सीजे-३बी या गाडीत ते ५·३८ : १ असे आहे. सु. २·२ मी. परिघाच्या टायरवर ताशी ६० किमी. वेगासाठी सरळ गिअरमध्ये एंजिनास मिनिटाला सु. २,४५० फेरे घ्यावे लागतात. ट्रॅक्टरच्या जातीच्या एंजिनास ही गती बरीच जास्त आहे. पुढील काळातील गाड्यांत पाचव्या गिअरची सोय आल्यावर त्याच वेगाला फेरे कमी झाले व एंजिनातील घर्षणाचा नाश घटला. पाच गिअर असूनही चौथ्यातच गाडी हाकण्याची सवय काटकसरीस मारक ठरते. दुसऱ्या टोकाला, फार कमी फेऱ्यांवर एंजिन धडधडत असताना वरचा गिअर टाकून प्रवेगक पूर्ण दाबल्यास हवा अपुरी पडून काळा धूर निघतो. अशा वेळी खालचा गिअर घेणेच योग्य होय.

स्थानिक परिस्थिती : सोलापूर समुद्रसपाटीपासून सु. ४५७ मी. उंचीवर असून उन्हाळ्यातील तापमान ४०° से.च्या वर जाते. उंची व उष्णता यांच्या एकत्रित परिणामामुळे उन्हाळ्यातील हवेची घनता समुद्रकाठच्या १५° से. तापमानाच्या हवेपेक्षा सु. १३ टक्क्यांनी कमी असते. टर्बोभरक नसलेल्या एंजिनास प्रत्येक शोषण धावेत तितकाच ऑक्सिजन कमी मिळतो. हिवाळ्यात स्वच्छ चालणारी गाडी वैशाखात पूर्ण भाराखाली काळसर धूर सोडते, त्याचे हे एक कारण आहे. कमी घनतेमुळे हवेचा विरोधही थोडा घटतो, हा एक लहानसा लाभ होय.

उन्हाळ्यात एंजिन तापू नये म्हणून शीतन यंत्रणेतील तापमान नियामक झडप (थर्मोस्टॅट) काढून टाकण्याची प्रथा उष्ण भागांतील कार्यशाळांत आढळते. तिच्यामुळे एंजिन योग्य तापमानास येण्यास विलंब लागतो. हिवाळ्यात तर ते दिवसभर थंडच राहते. थंड सिलिंडरात ज्वलन अपुरे होते, वंगण जाड राहते, इंधन जास्त लागते व सिलिंडर लवकर झिजतो. एंजिन तापण्याची खरी कारणे उष्णताविनिमयकात साचलेला क्षार, सैल पट्टा व झिजलेला पाण्याचा पंप ही असतात. झडप शाबूत ठेवून तीच दूर करणे इष्ट ठरते.

धूळ हा येथील दुसरा शत्रू होय. कच्च्या रस्त्यावरील धुळीने हवेची गाळणी कोंदली, की एंजिनाचा श्वास अडतो. जुन्या जीपमध्ये तेलाच्या भांड्यातून हवा नेणारी गाळणी असते. तिच्यातील तेल चिखलासारखे झाले, की ते बदलणे आवश्यक असते. धुळीच्या हंगामात आणि ऊसतोडीच्या दिवसांत हे काम नेहमीच्या मुदतीपेक्षा पुष्कळ आधी करावे लागते. गाळणीतून सुटलेली धूळ दट्ट्यावरील कडी झिजविते, संपीडन कमी करते आणि पुढे कायमचा इंधनव्यय वाढविते.

जमिनीचा परिणाम याहून मोठा आहे. ओल्या काळ्या मातीत किंवा नांगरलेल्या रानात लोटणीचा विरोध डांबरी रस्त्याच्या दहापट वा त्याहूनही अधिक होऊ शकतो. त्यामुळे पाणंदीतून गेलेला एक किलोमीटर डांबरी रस्त्यावरील अनेक किलोमीटरांइतके डीझेल घेतो. अशा वापरातील गाडीच्या ॲव्हरेजची तुलना महामार्गावरील गाडीशी करणे निरर्थक ठरते.

निगा : (१) अंतःक्षेपण यंत्रणा : पंप व फवारातोट्या (नोझल) हे या गाड्यांचे मर्मस्थान होय. तोटी झिजून थेंब गाळू लागली किंवा तिच्या स्प्रिंगचा ताण कमी झाला, की इंधनाचे बारीक कण होत नाहीत व ते अर्धवट जळते. अंतःक्षेपणाची वेळ पुढेमागे झाल्यासही तोच परिणाम होतो. ओढ वाढविण्यासाठी पंपावरील कमाल इंधनाचा मोहरबंद स्क्रू फिरविणे, म्हणजे बोलीभाषेत ‘पंप वाढविणे’, ही गोष्ट सर्रास केली जाते. सिलिंडरात हवा तितकीच असल्याने वाढविलेल्या इंधनाचा मोठा भाग काजळी होऊन बाहेर पडतो. पंपाची जुळणी चाचणीमंचावर व ठराविक मापांनुसारच करून घ्यावी.

(२) धुराची लक्षणे : काळा धूर हवेच्या मानाने इंधन जास्त असल्याचे, निळसर धूर वंगण जळत असल्याचे आणि एंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर संपीडन कमी असल्याचे किंवा अंतःक्षेपण उशिरा होत असल्याचे लक्षण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जुन्या डीझेल गाड्यांच्या धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे. ही चाचणी केवळ कायद्याची पूर्तता नसून इंधन वाया जाण्याची आगाऊ सूचना देणारे साधन म्हणूनही उपयोगी पडते. धूर श्वासावाटे प्रवाशांच्या व रस्त्याकडेच्या लोकांच्या फुप्फुसांत जातो. म्हणून पंपाची दुरुस्ती हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

(३) टायर व चाके : वरील उदाहरणात ताशी ६० किमी. वेगाला एकूण विरोधाचा निम्म्याहून अधिक भाग लोटणीचा आहे. टायरमधील हवा कमी झाल्याने तो दहा टक्के वाढला, तर एकूण विरोध साडेपाच टक्क्यांनी वाढतो. शेतात उतरण्यासाठी हवा कमी केल्यास रस्त्यावर परतताना ती पुन्हा भरली पाहिजे. जाड खाचांच्या टायरपेक्षा रस्त्यासाठीचे त्रिज्यीय (रेडियल) टायर कमी विरोध करतात. ब्रेक घासत राहणे, चाकांच्या धारव्यांतील वंगण आटणे व पुढील चाकांचा कोन बिघडणे हे दोष गाडी जॅकवर उचलून चाक हाताने फिरविल्यास व टायरची झीज पाहिल्यास सहज कळतात. घसरणारा क्लचही इंधन खातो.

(४) भार व आकार : प्रत्येक १०० किग्रॅ. जादा भारामुळे सपाट रस्त्यावरील विरोध सु. तीन टक्क्यांनी वाढतो. टपावरील रिकामी जाळी, पुढील अवजड लोखंडी दांडे आणि फडफडणारे कापडी छत यांमुळे वजन किंवा हवेचा विरोध विनाकारण वाढतो.

(५) इंधन : डीझेलमध्ये रॉकेल मिसळल्याने पंपाच्या सूक्ष्म भागांचे वंगण कमी होऊन ते झिजतात व थोड्या दिवसांच्या बचतीची किंमत पंपाच्या दुरुस्तीत चुकवावी लागते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज ६ प्रतीच्या डीझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा अधिक नसते. ते जुन्या एंजिनात चालते. पण त्यामुळे ॲव्हरेज वाढत नाही. इंधननळीवर चुंबक बसविण्यासारख्या उपायांनी बचत होते या दाव्यास शास्त्रीय आधार नाही.

एंजिन निष्कारण चालू ठेवल्यास ताशी अर्ध्या लिटरच्या आगेमागे डीझेल जाते. प्रवाशांची वाट पाहताना एंजिन बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. त्यासाठी बॅटरी व सुरुवातक (स्टार्टर) चांगल्या स्थितीत हवेत. बॅटरी दुबळी असल्यामुळे एंजिन बंद न करणाऱ्या चालकाचे डीझेल रोज वाया जाते.

मापन : काटकसरीचा कोणताही उपाय मोजमापाशिवाय पारखता येत नाही. टाकी काठोकाठ भरून किमान तीनचारशे किमी. गाडी चालवावी व त्याच पंपावर, गाडी तशीच सपाट उभी करून पुन्हा तितकीच भरावी. दुसऱ्या वेळी भरलेले लिटर म्हणजे खर्च झालेले इंधन. अंतरमापक रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहावा, कारण मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविलेले असल्यास तो अंतर कमी दाखवितो.

लिटरमागे किलोमीटर या मापातून एक गैरसमज उद्भवतो. वर्षाला ३०,००० किमी. चालणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज ८ वरून १० झाल्यास ७५० लि. डीझेल वाचते, १२ वरून १४ झाल्यास मात्र सु. ३५७ लि. वाचते. दोन्हीकडे सुधारणा दोन किलोमीटरांचीच दिसते. पण सर्वांत वाईट गाडीच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त लाभ असतो. यासाठी १०० किमी.ला लागणारे लिटर हे माप अधिक सयुक्तिक ठरते. प्रवासी वाहतुकीत प्रवासी-किलोमीटर हे माप घ्यावे लागते. लिटरला १२ किमी. जाणाऱ्या गाडीत नऊ जण असल्यास एका लिटरमागे १०८ प्रवासी-किलोमीटर होतात. ४४ प्रवाशांसह लिटरला ५ किमी. जाणाऱ्या बसचा आकडा २२० येतो. मंजूर आसनांपेक्षा जास्त माणसे कोंबून हा आकडा वाढविता येतो. परंतु ब्रेक, पाटे व टायर त्या भारासाठी बांधलेले नसल्याने ती काटकसर जिवावर बेतणारी असते.

मर्यादा व भवितव्य : उत्तम निगा व संयमी हाकणी यांनी जुनी गाडी तिच्या मूळ क्षमतेपर्यंत परत आणता येते; त्यापलीकडे नेता येत नाही. पूर्वकक्षाचे एंजिन, चौकोनी बांधणी व मोठे आसगुणोत्तर या गोष्टी जन्मजात असतात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाल्याने सरकारी खात्यांतील जुन्या जीपगाड्या कमी होत गेल्या. खाजगी गाड्यांना पंधरा वर्षांनंतर तपासणीअंती नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते.

जुनी गाडी ठेवावी की बदलावी, याचा निर्णय तिच्या वार्षिक धावेवर अवलंबून असतो. लिटरला १० ऐवजी १२ किमी. जाणाऱ्या गाडीमुळे वर्षाला ३०,००० किमी. धावेच्या प्रवासी वाहतुकीत ५०० लि. डीझेल वाचते व सु. १·३ टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जाण्याचे टळते. शेतावर वर्षाला जेमतेम ३,००० किमी. चालणाऱ्या जीपच्या बाबतीत हीच बचत ५० लि. भरते. पहिल्या गाडीचा मालक सुधारित एंजिनाच्या गाडीचा खर्च इंधनातून बऱ्याच अंशी भरून काढू शकतो. दुसऱ्याला स्वच्छ गाळणी, नीट जुळविलेला पंप, भरलेले टायर आणि योग्य वेळी टाकलेला व काढलेला दांडा एवढ्यानेच पुष्कळ साधते.